शिष्टमंडळ

काकांना रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं आणि त्यांनी हाक मारली नाही, असं कधी घडलं नव्हतं. उभी हयात त्यांनी शहरबसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. "पुढे चला, पुढे चला" असं ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता की ते गल्लीच्या तोंडाशी बोलले तर चौकात ऐकू जायचं. लोक त्यांना 'पुढेचला काका' म्हणायचे आणि काकांना त्याचा राग नव्हता, उलट कौतुकच होतं. भाजी आणायला निघालेला हा माणूस तासाभराने भाजी विसरून, पण चार घरांची खबरबात घेऊन परत यायचा. काकूंनी त्यांना भाजी आणायला सांगणं कधीच सोडून दिलं होतं.

आणि अशा माणसाच्या पोटी ही मुलगी!

मुलगी मानसशास्त्रज्ञ होती. शिकलेली, हुशार, घरात बोलकी, आईची नक्कल करून सगळ्यांना हसवणारी. पण उंबरा ओलांडला की तिला काय व्हायचं कोण जाणे. समोरून चांगलं ओळखीचं माणूस येत असलं तरी ही सरळ पुढे बघत निघून जायची. समोरच्याने हाक मारली तर थांबायची, हसायची, मनापासून चौकशी करायची. पण आपण होऊन बोलेल तर शपथ! कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी तिचे लहानपणीचे फ्रॉक शिवले होते. त्यांच्या दुकानावरूनसुद्धा ती अशी जायची, जसं काही दुकान नाहीच तिथे. काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती एकटीच तशी असती तर काकांनी स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं. पण विभागीय मानसशास्त्रज्ञ संघटना नावाची जी मंडळी होती, जिची ती सचिव होती, ती सगळीच तसली. अध्यक्ष म्हणजे एक ताडमाड गृहस्थ, त्यांना सगळे उंच सर म्हणत. ते तर इतके वरून बघत जायचे की माणूस दिसला नाही म्हणावं तर तेही पटायचं. गावात या संघटनेला एक नाव पडलं होतं. शिष्टमंडळ. "ते बघा, शिष्टमंडळ निघालं," असं लोक म्हणायचे आणि हसायचे. हे नाव ठेवलं कोणी हे काकांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यांच्यासमोरच, पत्ते पिसता पिसता ठेवलं गेलं होतं. ठेवणारा त्यांचा जिवलग मित्र, त्यांच्याच बसचा ड्रायव्हर. काका त्या दिवशी हसले होते आणि मग घरी येऊन काकूंवर उगाचच चिडले होते.

संघटनेच्या बैठका काकांच्याच घरी, जेवणाच्या टेबलाभोवती व्हायच्या. काका चहा करायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकायचे, म्हणजे ऐकायला काही असलं तर. दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ देणं हाच ज्यांचा धंदा, अशी आठदहा माणसं एकत्र बसली की बोलणार कोण? एकाने काही म्हटलं की बाकीचे मान हलवत थांबून राहायचे, त्याला आणखी काही म्हणायचंय का म्हणून. शेवटी काकाच आतून ओरडायचे, "अहो, पुढे चला!" आणि बैठक पुढे सरकायची.

पण कामं मात्र ही माणसं करत होती, हे काका कबूल करायचे. गोदामाला आग लागली तेव्हा आग विझवून आलेल्या जवानांसोबत ही मंडळी आठवडाभर त्यांच्या केंद्रात जाऊन बसली होती. परीक्षा आल्या की शाळांमधून आईबापांना समजावत फिरायची. बसच्या डेपोतही येऊन ड्रायव्हर-कंडक्टरांशी बोलून गेली होती. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे वाचनालयावरची खोली. नगरपालिकेने ती संघटनेला वापरायला दिली होती. तिथे आळीपाळीने एकेक जण बसायचा आणि ज्याला बोलायचंय त्याने यावं, मन मोकळं करावं, जावं. काकांनी ती खोली रंगवायला मदत केली होती. दोन खुर्च्या अगदी समोरासमोर नाही, जराशा तिरक्या, म्हणजे नजर चुकवायची असेल तर खिडकीकडे बघता यावं. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे त्याला असं वाटू नये की आता उठा. काकांना ते फार आवडलं होतं. वर जायचा जिना वाचनालयातूनच होता, त्यामुळे जाणारा माणूस काखेत एक पुस्तक मारून जायचा. बघणाऱ्याला वाटावं, पुस्तक बदलायला आलाय.

तर त्या खोलीवर नगरपालिकेची नजर गेली. जुनं दप्तर ठेवायला जागा हवी, असं सभापतींचं म्हणणं. खोली परत का घेऊ नये ते जाहीर सभेत येऊन सांगा, असा निरोप आला. शिवाय सभापतींनी मुलीला फोनवर स्पष्टच सांगितलं, "तुमच्या शब्दावर कसं जायचं? ज्यांना उपयोग झाला अशी माणसं आणा. उभं राहून सांगू देत की."

त्या संध्याकाळची बैठक काकांनी दारातून पूर्ण ऐकली. उंच सर म्हणाले, "एकालाही आणायचं नाही. विचारायचंसुद्धा नाही. खोली गेली तर गेली." सगळ्यांनी माना हलवल्या. मुलीनेही हलवली.

"म्हणजे काय?" काकांना राहवलं नाही. "खोली हातची घालवणार?"

"बाबा, चहा," मुलगी म्हणाली. म्हणजे आत जा.

काका आत गेले, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. भर सभेत आपली मुलगी उभी राहणार, तिच्या बाजूने एक माणूस बोलणार नाही आणि लोक म्हणणार, बरं झालं, शिष्टमंडळाची जिरली. हे चित्र काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. ही माणसं विचारणार नसतील तर आपण विचारू, त्यात काय मोठंसं? त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "तू येतोस का सोबत, चार घरं फिरू." ड्रायव्हर म्हणाला, "मंगळवार आहे ना रे. गुडघा शेकायला जायचंय." गेले काही महिने दर मंगळवारी त्याचा गुडघा शेकायचा असायचा आणि पत्ते बुडायचे. काका एकटेच निघाले.

पहिलंच दुकान शिंपीणबाईंचं. त्यांना वाचनालयात जाताना काकांनी कितीदा तरी पाहिलं होतं. दुकानात मापं द्यायला आलेल्या दोघीतिघी होत्या. काका दारातूनच आपल्या बसच्या आवाजात म्हणाले, "काय बाई, तुम्ही जाता ना वाचनालयाच्या वर? मग सभेला या आणि दोन शब्द बोला की आमच्या पोरीसाठी!"

मशीन थांबलं. मापं देणाऱ्या बायका बाईंकडे बघायला लागल्या.

"मी पुस्तकं बदलायला जाते," बाई म्हणाल्या.

"अहो, पुस्तकं काय, सगळेच—" आणि काकांना बाईंचा चेहरा दिसला. लाल झालेला, आणि डोळे खाली शिवणावर. वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

गोष्ट संध्याकाळपर्यंत मुलीच्या कानावर गेली. ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती समोर बसली आणि हळू आवाजात बोलली.

"बाबा, मी रस्त्यात कुणाशी आधी का बोलत नाही, माहितीय तुम्हाला?"

"शिष्ट आहेस म्हणून," काका बोलून गेले.

"माझ्याकडे येणारं माणूस रस्त्यात भेटलं, सोबत त्याचा भाऊ आहे, साहेब आहे. मी म्हटलं, काय, बरं आहे ना? सोबतचा लगेच विचारणार, हिला तू कसा ओळखतोस? झालं ना त्याचं सगळं उघडं? म्हणून आम्ही ओळख दाखवत नाही. त्याने दाखवली तर आम्ही बोलतो. त्याची मर्जी."

"बरं, पण मग तुझ्याकडे न येणाऱ्यांशी बोलायला काय झालं? शेजारणींशी?"

"चौघांशी बोलले आणि पाचवीशी नाही बोलले, तर पाचवी कोण ते सगळ्यांना कळेल. म्हणून संघटनेत आमचं ठरलंय. कुणाशीच आधी बोलायचं नाही. सख्ख्या मावशीशीसुद्धा."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं. नोकरीला लागले त्याच आठवड्यात," मुलगी म्हणाली. "तुम्ही बोलत होतात."

आतून काकूंचा खो खो हसण्याचा आवाज आला. काकांना मात्र हसू येईना. गावभर ज्याला गर्व म्हणून हिणवलं, ज्यावर आपणही ड्रायव्हरसोबत हसलो, ती या पोरीने मुकाट्याने सोसलेली शिस्त होती. आणि ज्या बाईचं तिने इतकी वर्षं निगुतीने झाकून ठेवलं, ते आपण दुकानाच्या दारात उभं राहून एका दमात उघडं केलं. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी ते घराबाहेरच पडले नाहीत. काकूंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सभेच्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. भरलं होतं म्हणजे अजून पाण्याचा आणि गटारांचा विषय होता, लोक त्यासाठीही आले होते. व्यासपीठावर सभापती, शेजारी टिपणं घेणारे कारकून. डाव्या हाताला एका रांगेत संघटनेची मंडळी बसली होती आणि त्यांची फारच पंचाईत झाली होती. सभागृहात कुणाकडे पाहून ओळख दाखवायची नाही, म्हणून एक जण छताकडे बघत होता, एक बाई आपल्याच चपलांकडे, आणि उंच सर समोरच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे. "बसलंय बघा शिष्टमंडळ," मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. काका शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. कालपरवापर्यंत त्यांनी मान खाली घातली असती. आज त्यांनी मागे वळून असं पाहिलं की हसणारा गप्प झाला.

सभापतींनी विचारलं, "माणसं आणलीत?"

मुलगी उभी राहिली. "नाही. आणणारही नाही."

सभागृहात कुजबुज झाली. मग तिने तेच सांगितलं जे काकांना सांगितलं होतं. आम्ही आधी ओळख का दाखवत नाही, कुणाशीच का नाही. साध्या शब्दांत, न रडता, न चिडता. काकांना वाटलं, हिला आवाज आपला मिळालाय, फक्त ही तो जपून वापरते. शेवटी उंच सर उठले, पंख्याच्या बटणाकडेच बघत म्हणाले, "आमची एक चूक झाली. दुसऱ्यांचं ऐकता ऐकता स्वतःबद्दल सांगायचं आमचं राहूनच गेलं. लोकांना आम्ही गर्विष्ठ वाटलो असू तर माफी मागतो. पण नावं आम्ही देणार नाही. खोली घ्या."

सभापती काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमची अडचण समजली मला. पण मग मी कशावरून ठरवू? उद्या कुणीही म्हणेल, आमच्याकडे लोक येतात, पण सांगणार नाही."

मुलगी उभीच होती. काकांच्या घशाशी "अहो, पुढे चला" आलं होतं, पण त्यांनी दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली आणि तोंड मिटून ठेवलं. त्यांना इतकं कष्टाचं काम नोकरीतही कधी करावं लागलं नव्हतं.

आणि मधल्या रांगेत कुणाची तरी खुर्ची सरकली. शिंपीणबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर नीट केला, सगळ्या सभागृहाकडे एकदा बघून घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"नमस्कार हं, ताई."

बस, इतकंच. आणि उभ्याच राहिल्या.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. "नमस्कार, बाई," ती म्हणाली.

सभागृहाला कळायला एक क्षण लागला. मग खिडकीजवळ एक धिप्पाड माणूस उठला, आग विझवणाऱ्या जवानांपैकी. "नमस्कार, सर." उंच सरांनी बटणावरची नजर पहिल्यांदा काढली. "नमस्कार." मग शाळेतल्या एक शिक्षिका. मग एक म्हातारं जोडपं, एकमेकांचा हात धरून. कुणी कशासाठी गेलं होतं, काय बोललं होतं, कुणीच सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. नुसता नमस्कार आणि उलट नमस्कार. व्यासपीठावरचे कारकून लिहिता लिहिता थांबले, पेन खाली ठेवून उठले आणि हळूच म्हणाले, "नमस्कार, मॅडम." सभापती त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग दूधवाला उठला. त्याला त्या जिन्यावर कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यामागून काकांची निम्मी गल्ली उठली. कोण खरोखर वर जाऊन आलंय आणि कोण नुसतंच शेजाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून उभं राहिलंय, हे आता कुणाच्या बापालाही ओळखता आलं नसतं. आणि शिष्टमंडळ उभं राहून सगळ्यांना नमस्कार करत होतं, डावीकडे, उजवीकडे. त्यातल्या एक बाई सरळ रडत होत्या. काकांना वाटलं, आयुष्यभर भरलेल्या बसमध्ये उभे राहिलो, पण अशी गाडी भरलेली पाहिली नव्हती.

तेवढ्यात अगदी मागून एक ओळखीचा घोगरा आवाज आला. "नमस्कार, उंच सर."

काकांनी वळून पाहिलं. दाराजवळ ड्रायव्हर उभा होता. गुडघा चांगला ताठ होता. आणि त्याच्या काखेत वाचनालयाचं पुस्तक होतं. त्याच्या घराला साधी गॅलरीही नव्हती आणि पुस्तक होतं 'गुलाबांची निगा'.

खोली राहिली. सभापतींनी दप्तर तळघरात ठेवायला सांगितलं आणि घाईघाईने गटारांचा विषय घेतला.

बाहेर पायऱ्यांवर ड्रायव्हर काकांची वाट बघत थांबला होता. दोघं घराकडे निघाले.

"ती गेल्यावर घर खायला उठायचं रे," ड्रायव्हर म्हणाला. त्याची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. "तुझ्यासोबत पत्ते खेळायचो तेवढा वेळ बरं. मग दार उघडून आत जाववायचं नाही."

"मला नाही बोललास."

"तू मला हसवायचास. तेही हवंच होतं." ड्रायव्हरने पुस्तक या काखेतून त्या काखेत घेतलं. "आणि नाव मीच ठेवलेलं ना त्यांना. पहिल्या दिवशी उंच सरांना तेच सांगितलं. मला वाटलं, हाकलतील. तर ते इतके हसले, इतके हसले की मीच घाबरलो."

काकांना मित्राचं काही आपल्याला कळलं नाही याचं वाईट वाटलं, आणि ज्या मंडळींना कळलं त्यांतलीच आपली पोरगी आहे याने ऊर भरून आला. दोन्ही एकदमच वाटलं. त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

रात्री जेवताना त्यांनी मुलीला विचारलं, "तुला ठाऊक होतं? त्याचं?"

"बाबा, गाडीत चढणाऱ्याला तुम्ही विचारायचात का, कुठे निघालात?"

"विचारायचोच. नाहीतर तिकीट कसलं देणार?"

मुलगी हसली आणि तिने आणखी भात वाढून घेतला. उत्तर काही दिलं नाही. काकांनीही पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकाशी उभे होते. मुलगी नुकतीच कामाला गेली होती. वरच्या मजल्यावर त्याच आठवड्यात राहायला आलेल्या बाई खाली आल्या, जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "राग मानू नका हं, काका, पण तुमची मुलगी आत्ता माझ्या समोरून गेली. एक शब्द नाही. जरा शिष्टच आहे, नाही?"

काकांच्या जिभेवर सगळं एकदम आलं. शिंपीणबाई, जवान, कारकून, ड्रायव्हर, गुलाब. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि सगळं गिळून टाकलं. मग छाती पुढे काढून ते आपल्या बसच्या आवाजात बोलले, चौकापर्यंत ऐकू जाईल असं.

"जरा नाही, बाई, चांगलीच शिष्ट आहे! मंडळाची सचिव आहे ती!"